एलपीएनची आरएन होताना: अमेरिकेत नोकरी सांभाळून नर्सिंगचं पुढचं शिक्षण

अमेरिकेत नर्सिंगचे दोन वेगळे परवाने आहेत. एक लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिलाच एलव्हीएन म्हणतात. त्यासाठी साधारण वर्षभराचा कोर्स आणि एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा लागते. दुसरा रजिस्टर्ड नर्सचा, म्हणजे आरएनचा. त्यासाठी असोसिएट (साधारण दोन वर्षांची) किंवा बॅचलर पदवी आणि एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा. आजीला भेटायला नर्सिंग होममध्ये गेलेल्या नातवाला या दोघींतला फरक दिसत नाही. गोळ्यांची गाडी घेऊन मजलाभर फिरणारी, ड्रेसिंग बदलणारी, इन्सुलिन देणारी बाई त्याच्या लेखी नर्सच असते, आणि बहुतेक वेळा ती एलपीएन असते.

फरक कायद्याने ठरवलेल्या जबाबदारीत आहे. पेशंट दाखल झाल्यावरची पहिली संपूर्ण तपासणी आरएन करते आणि काळजीचा आराखडाही तीच आखते. एलपीएन माहिती गोळा करते, ठरलेली कामं करते आणि बदल दिसला की आरएनला किंवा डॉक्टरला कळवते. शिरेतून थेट औषध देणं, रक्त चढवायला सुरुवात करणं, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) हाताळणं या गोष्टी बऱ्याच राज्यांत एलपीएनला करता येत नाहीत, किंवा वेगळं प्रमाणपत्र घेऊनच करता येतात. पगारातही मोठी तफावत आहे. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्यानुसार मे २०२४ मध्ये एलपीएनचं मध्यम वार्षिक उत्पन्न ६२,३४० डॉलर होतं आणि आरएनचं ९३,६००. म्हणून दरवर्षी हजारो एलपीएन पुन्हा वर्गात बसतात, आणि त्यातल्या बहुतेकींना नोकरी सोडणं परवडत नाही.

या वाटेवर हुशार, कष्टाळू बायका आणि पुरुष अडकतात ते विषय कळत नाहीत म्हणून क्वचितच. गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्यामुळे आणि आठवड्याच्या तासांचा हिशेब आधी न मांडल्यामुळे अडकतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवर आहे.

ब्रिज कोर्सने किती वेळ वाचतो

एलपीएनला आरएनपर्यंत नेणाऱ्या कोर्सला एलपीएन-टू-आरएन ब्रिज म्हणतात. त्याने निम्मं शिक्षण वाचतं असा समज असतो. प्रत्यक्षात असोसिएट पदवीच्या चार नर्सिंग सेमिस्टरपैकी एक वाचतं, फार तर दोन. नर्सिंगची मूलतत्त्वं, अंथरूण-आंघोळ-बीपीपासून साध्या औषधांपर्यंतचा भाग, तुम्हाला येतो असं गृहीत धरलं जातं. उरलेलं सगळं करावं लागतं. मुख्य नर्सिंगचा टप्पा म्हणून १२ ते १८ महिन्यांचा होतो. जाहिरातीत हाच आकडा असतो. त्याआधी लागणारे विषय त्यात धरलेले नसतात, आणि नोकरी करणाऱ्याला त्यांनाच दीड-दोन वर्षं लागू शकतात.

वाचलेल्या सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, हेही लगेच मिळत नाहीत. व्होकेशनल शाळेत एलपीएन केलेलं असेल तर तिथले क्रेडिट कम्युनिटी कॉलेज जसेच्या तसे घेत नाही. बरीच कॉलेजं ते राखून ठेवतात: पहिला ब्रिज विषय पास झालात की मागचे क्रेडिट तुमच्या नोंदीवर चढतात, नापास झालात तर काहीच नाही. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी परीक्षा असते. प्रवेश घेण्याआधी नर्सिंग विभागाच्या सल्लागाराकडून हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

आधीचे विषय, आणि त्यांची मुदत

बहुतेक कॉलेजांत पुढचे विषय आधी पूर्ण असावे लागतात: ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग प्रयोगशाळेसह, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, प्राथमिक मानसशास्त्र, बाल्यापासून वार्धक्यापर्यंतच्या वाढीचं मानसशास्त्र, आणि गणित किंवा संख्याशास्त्र.

इथे पहिली ठेच लागते. विज्ञानाच्या विषयांना बऱ्याच ठिकाणी पाच ते सात वर्षांची मुदत असते. त्यापेक्षा जुना विषय असला की तो पुन्हा करावा लागतो, मग त्यात ए मिळालेला असो. इंग्रजी, मानसशास्त्र यांना सहसा अशी मुदत नसते. म्हणून एका वेळी एकच विषय जमणार असेल तर मुदत नसलेले विषय आधी करा आणि ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी शेवटच्या वर्षासाठी ठेवा. मुदत तर वाचतेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड, आम्ल-अल्कली संतुलन हे सगळं नर्सिंगच्या वर्गात शिरताना ताजं असतं. नर्सिंगचे प्राध्यापक फिजिओलॉजी पुन्हा शिकवत नाहीत.

सी मिळालं की विषय पास होतो, पण प्रवेश मिळतोच असं नाही. जागा कमी असल्यामुळे कॉलेजं गुणांची यादी लावतात. विज्ञानातले ग्रेड आणि प्रवेशपरीक्षेचे गुण यांना त्यात सर्वाधिक वजन असतं. टीज ही परीक्षा सर्वांत जास्त ठिकाणी चालते: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी मिळून १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. काही कॉलेजं हेसी घेतात. विज्ञानाचा भाग सर्वांत जड जातो, त्यामुळे ॲनाटॉमीचा दुसरा भाग संपल्या संपल्या परीक्षा देणं फायद्याचं.

कॉलेज निवडताना

राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, त्यामुळे ती पहिली अट. त्यानंतर एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंगचं शिक्षण तपासणाऱ्या संस्थांचं मानांकन बघा. पुढे आरएन-टू-बीएसएन, म्हणजे आरएन झाल्यावर नर्सिंगची बॅचलर पदवी, करताना ते उपयोगी पडतं. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांची टक्केवारी बहुतेक बोर्डं जाहीर करतात. किमान तीन वर्षांची बघा. मात्र त्या आकड्यावर थांबू नका. कच्च्या विद्यार्थ्यांना शेवटच्या सेमिस्टरपर्यंत गाळलं की पास होणाऱ्यांची टक्केवारी आपोआप चांगली दिसते. म्हणून विचारा: ब्रिजला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले? हा प्रश्न टाळणाऱ्या कॉलेजापासून मी दूर राहण्याचाच सल्ला देईन.

‘पूर्ण ऑनलाइन’ म्हणजे वर्ग ऑनलाइन. पेशंटसमोरचे क्लिनिकल तास प्रत्यक्षच करावे लागतात. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजाचा ऑनलाइन कोर्स तुमच्या राज्याच्या बोर्डाला चालतो का, हे बोर्डालाच विचारा. कॅलिफोर्नियात ‘३० युनिट’ नावाची वेगळी सोय आहे: एलव्हीएनला पदवी न घेता, ठरावीक ३० युनिट पूर्ण करून आरएनच्या परीक्षेला बसता येतं. पण असा परवाना इतर राज्यं सहसा मानत नाहीत, आणि नंतर पदवी घेतली तरी परवान्याचा तो दर्जा बदलत नाही. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी कधी दुसऱ्या राज्यात जाईल सांगता येत नसेल, तर हा रस्ता धरू नये.

झटपट पदवीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या कारवाईत अमेरिकेच्या तपासयंत्रणांनी दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांच्या नावाने विकल्या गेलेल्या सुमारे ७,६०० बनावट पदव्यांचं प्रकरण उघड केलं आणि २५ जणांवर आरोप ठेवले. पदवी विकत घेणाऱ्यांत एलपीएनही होत्या, वर्षानुवर्षं पेशंटची सेवा केलेल्या. त्यातल्या अनेकांचे परवाने नंतर गेले. क्लिनिकलशिवाय, काही आठवड्यांत, एकरकमी पैसे भरून आरएन करून देतो असं कोणी सांगितलं तर तिथून निघा.

आठवड्याचा हिशेब

नर्सिंगमध्ये थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग असतो, आणि क्लिनिकलच्या एका क्रेडिटला बहुतेक ठिकाणी तीन तास. समजा एका सेमिस्टरला सहा क्रेडिट थिअरी आणि चार क्रेडिट क्लिनिकल आहे. म्हणजे सहा तास वर्ग आणि बारा तासांची एक क्लिनिकल शिफ्ट, एकूण १८. थिअरीच्या तासाला घरी किमान दोन तास अभ्यास धरा, म्हणजे आणखी १२. क्लिनिकलच्या आदल्या दिवशी पेशंटची माहिती काढून औषधांचे कागद भरणं आणि नंतर काळजीचा आराखडा लिहिणं यांत चार-पाच तास जातात. बेरीज ३५ च्या आसपास. यावर बारा तासांच्या तीन शिफ्ट ठेवल्या तर आठवडा ७१ तासांचा होतो. त्यात प्रवास, स्वयंपाक, मुलं आणि झोप अजून मोजलेली नाही.

एखादं सेमिस्टर हे रेटता येतं, तीन सेमिस्टर नाही. मुख्य नर्सिंगच्या टप्प्यात दोन शिफ्ट, म्हणजे २४ तास, ही बहुतेकांसाठी वरची मर्यादा मानावी. आधीच्या विषयांच्या काळात पूर्णवेळ नोकरी जमते. तेव्हाच पैसे बाजूला टाका, कारण उत्पन्न नंतर घटणार आहे.

तास कमी करण्याआधी एचआरला एक प्रश्न विचारा: आरोग्यविमा किती तासांवर टिकतो? अमेरिकेच्या कायद्यात पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी ३० तास. त्याखाली आलात की मोठ्या मालकावरही विमा देण्याचं बंधन राहत नाही. काही मालक २४ तासांवरही देतात, काही देत नाहीत. नर्सिंग होममध्ये ‘बेलर’ नावाची शनिवार-रविवारची शिफ्ट मिळाली तर उत्तम: दोन दिवस लांब शिफ्ट, पगार त्याहून जास्त तासांचा, आणि आठवड्यातले पाच दिवस मोकळे. अशी जागा एका दिवसात निघत नाही. ब्रिजला अर्ज करता त्याच महिन्यात तिच्यासाठीही नाव द्या.

क्लिनिकलचा दिवस तुम्ही निवडत नाही. मंगळवार की शुक्रवार, सकाळी पावणेसात की दुपारी तीन, हे कॉलेज ठरवतं आणि बऱ्याचदा सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीच कळवतं. गैरहजेरी एक, फार तर दोन चालतात. पुढे विषयच नापास. म्हणून वेळापत्रक ज्या तारखेला येणार असेल तिच्या आधीच वरिष्ठांशी बोलून ठेवा. रात्रपाळी संपवून थेट क्लिनिकलला जाणं तर कधीच नको. बऱ्याच कॉलेजांचा नियमही तसा आहे, आणि औषधाची मात्रा चुकते ती अशाच सकाळी.

कागदपत्रांमुळेही पहिला दिवस हुकतो. एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे अहवाल, टीबीची चाचणी, फ्लूची लस, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड (सीपीआरच्या प्रशिक्षणाचं), हे सगळं तारखेच्या आत अपलोड झालेलं हवं. हिपॅटायटिस बीचा अहवाल निगेटिव्ह आला तर लसीचे डोस पुन्हा घ्यावे लागतात आणि पूर्ण मालिकेला सहा महिने लागू शकतात. ही रक्ततपासणी प्रवेशाच्या आधीच करून घ्या.

पैसे

एफएएफएसए हा सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज भरल्यावर पेल ग्रँटसाठी, म्हणजे परत न करायच्या सरकारी मदतीसाठी, विचार होतो. २०२४-२५ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांना, आणि आणखी काही ठरावीक वर्गांना, ती मिळू शकते. पण भारतातून बीए, बीकॉम, बीएस्सी होऊन गेलेल्या अनेकींना एक गोष्ट उशिरा कळते: आधीची बॅचलर पदवी असेल, मग ती परदेशातली असली तरी, पेल ग्रँट मिळत नाही. कर्ज मिळू शकतं. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात. त्या बदल्यात एक-दोन वर्षं तिथेच काम करण्याचा करार असतो. आधी सोडलंत तर रक्कम परत द्यावी लागते. करारात पास झाल्यावर आरएनची जागा देण्याचं लिहिलंय का, हे बघा. नर्सिंग होममध्ये आरएनच्या जागा मोजक्याच असतात.

असोसिएट की बॅचलर हा प्रश्न सगळ्यांना पडतो. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्यासाठी कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट, लगेच आरएनचा पगार, आणि मग मालकाच्या पैशाने ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. परीक्षा दोघांची एकच आणि परवानाही एकच. न्यूयॉर्क राज्यात मात्र २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करणं सक्तीचं केलंय, आणि मोठी हॉस्पिटलं भरती करतानाच बीएसएन मागतात.

अनुभव आडवा येतो तेव्हा

आता खुद्द शिक्षणाबद्दल. दहा वर्षं काम केलेल्या एलपीएनला वर्गात सर्वांत जास्त त्रास होतो तो प्राधान्य ठरवण्याच्या प्रश्नांचा. एक नमुना घेऊ. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. पहिल्याची साखर २१० आहे आणि जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचंय. दुसऱ्याला न्यूमोनिया आहे, सकाळपासून जरा गोंधळल्यासारखा बोलतोय, श्वास मिनिटाला २८. तिसऱ्याच्या खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस आहे, वेदना दहापैकी सात. चौथा घरी जायला तयार बसलाय. आधी कोणाकडे जाल?

गोळ्यांच्या गाडीची सवय असलेला हात इन्सुलिनकडे जातो, कारण जेवणाची वेळ चुकवायची नसते. उत्तर दुसरा पेशंट आहे. नव्याने आलेला गोंधळ आणि वाढलेला श्वास म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असेल, किंवा संसर्ग रक्तात पसरत असेल. बाकी तिघं दहा मिनिटं थांबू शकतात. इथवर बरेच जण पोचतात. पुढचा प्रश्न येतो: पहिली कृती कोणती? एलपीएनच्या परीक्षेत ‘आरएनला कळवा’ हे अनेकदा बरोबर असतं. इथे आरएन तुम्हीच. डोकं वर करून बसवा, ऑक्सिजनची पातळी बघा, छाती ऐका, नियमाप्रमाणे ऑक्सिजन लावा, आणि मग डॉक्टरला किंवा रॅपिड रिस्पॉन्स टीमला नेमके आकडे सांगून बोलवा. पेशंटबद्दल काहीच माहिती हातात नसताना केलेला फोन या परीक्षेत चुकीचा धरला जातो.

एप्रिल २०२३ पासूनची नवी एनक्लेक्स याच विचारसाखळीवर बेतलेली आहे: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कोणता धोका मोठा ते ठरवा, उपाय काढा, कृती करा, परिणाम तपासा. एलपीएनच्या रोजच्या कामात पहिली आणि पाचवी पायरी भरपूर होते. मधल्या तीन शिकायच्या आहेत. कामावर असताना मनातल्या मनात सराव करता येतो: प्रत्येक असामान्य आकड्यापाशी थांबून, याची सर्वांत वाईट शक्यता कोणती आणि ती खरी असेल तर अजून काय दिसायला हवं, हे स्वतःला विचारायचं.

काम सोपवण्याच्या प्रश्नांतही असंच होतं. तपासणी, पेशंटला शिकवण, परिणामांचं मूल्यमापन आणि अस्थिर पेशंट आरएनने दुसऱ्यावर सोपवायचे नसतात. ‘आमच्या मजल्यावर तर हे मीच करते’ हा विचार त्या वेळी बाजूला ठेवावा लागतो. परीक्षेतल्या हॉस्पिटलात माणसं पुरेशी असतात आणि सगळं नियमाप्रमाणे चालतं.

औषधाच्या मात्रेच्या गणितात कॉलेजं सहसा ९० टक्के किंवा त्याहून जास्त गुण मागतात. एलपीएनला गोळ्यांचं गणित येतं. अडतं ते वजनावर चालणाऱ्या सलाईनपाशी. ८० किलोच्या पेशंटला हेपरिन ताशी किलोमागे १८ युनिट द्यायचंय. पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट, म्हणजे मिलिलिटरला १००. ८० गुणिले १८ म्हणजे ताशी १,४४० युनिट. भागिले १००, पंप ताशी १४.४ मिलिलिटरवर. वजन पौंडात दिलं असेल तर आधी २.२ ने भागायचं. चुका बहुतेक वेळा इथेच होतात.

थिअरीत पास होण्याची रेषा ७५ ते ७८ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असते आणि बहुतेक कॉलेजं अपूर्णांक वर ढकलत नाहीत. दोन विषयांत नापास झालं की बऱ्याच ठिकाणी कोर्समधून काढतात. पहिल्या चाचणीत ७० आले तर त्याच आठवड्यात प्राध्यापकांना भेटा, चुकलेले प्रश्न त्यांच्यासमोर बसून बघा.

दोन टोप्या, एक परवाना

शिकत असताना परवाना फक्त एलपीएनचा असतो. मंगळवारी क्लिनिकलमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शिरेतून औषध दिलं, म्हणून गुरुवारी स्वतःच्या नोकरीत देता येत नाही. मजल्यावर माणसं कमी असताना चार्ज नर्स, म्हणजे त्या शिफ्टची प्रमुख, सहज म्हणून जाते, ‘तू तर शिकतेसच, देऊन टाक.’ तिथे नाही म्हणायचं. परवाना त्याने जाऊ शकतो, आणि तो गेला की आरएनचा रस्ताही बंद होतो.

महाराष्ट्रातून जीएनएम झालेल्यांसाठी

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा किंवा बीएस्सी नर्सिंग करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आरएन-आरएम म्हणून नोंद करून अमेरिकेत आलेल्या काही जणी कोणाच्या तरी सांगण्यावरून आधी एलपीएनचा कोर्स करतात. त्यात वर्ष आणि पैसे वाया जाऊ शकतात. आधी सीजीएफएनएस या परदेशी नर्सांचं शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून, जिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय, शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्या. प्रौढांचं नर्सिंग, बालरोग, प्रसूती, मानसोपचार यांची थिअरी आणि क्लिनिकल तास पुरेसे भरले तर बऱ्याच राज्यांत थेट एनक्लेक्स-आरएनला बसता येतं. एखादा विषय कमी पडला तर तेवढाच करावा लागतो. एएनएमचं तसं नाही. त्या शिक्षणाचा भर माता-बाल आरोग्य आणि गावपातळीवरच्या कामावर असतो, त्यामुळे तिथून थेट आरएन होता येत नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण काम करण्याच्या परवानगीचं कार्ड नसेल तर एलपीएनचा परवाना असूनही पगारी काम करता येत नाही.

परीक्षा आणि नंतर

पदवी मिळाली की कॉलेज बोर्डाला कळवतं, तुम्ही अर्ज आणि बोटांचे ठसे देता, परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे २०० डॉलर भरता, आणि परीक्षेला बसण्याची परवानगी ईमेलने येते. तिला मुदत असते, त्यामुळे तारीख लगेच घ्या. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. प्रश्न अवघड येत चालले तर घाबरू नका. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. पदवीनंतर सहा-आठ आठवड्यांत परीक्षा द्यावी. नंतर वाचलेलं पुसट होत जातं.

निकाल लागल्यावर जुन्या जागी परत जाताना एक कागद आधी हातात हवा. आरएनचा परवाना मिळाल्यापासून तुमच्याकडून आरएनच्या दर्जाचीच अपेक्षा धरली जाते, पगार अजून एलपीएनचा असला तरीही. त्यामुळे पद आणि कामाचं स्वरूप बदलल्याचं एचआरकडून लेखी घ्या, पगार ठरवताना एलपीएनची किती वर्षं अनुभव म्हणून धरणार ते विचारा, आणि नव्या आरएनला मिळतं तेवढंच पूर्ण ओरिएंटेशन मागून घ्या. ‘तुला तर सगळं माहीतच आहे’ म्हणून ते तीन दिवसांत आटपायला लोक तयार असतात.